स्थलांतरित रुग्ण, सायकोसिस आणि व्हीआर हेडसेट : गोव्यात तपासणी कशी करावी

कुणीतरी मागावर आहे, लोक टक लावून बघतात, आपल्याविषयी कुजबुजतात, असं सांगणारा माणूस पोटासाठी परराज्यातून आलेला असेल, तर तपासणाऱ्याची पंचाईत होते. लोक त्याच्याकडे खरंच टक लावून बघत असतील. ‘भायलो’ (बाहेरचा) हा शब्द त्याने बाजारात, बसमध्ये, घरमालकाच्या तोंडून ऐकलेला असेल. ठेकेदाराची उचल फिटलेली नसेल, भाडेकरू पडताळणीसाठी पोलिसांनी कागद मागितले असतील. यातलं वास्तव किती आणि आजार, म्हणजे सायकोसिस (वास्तवाचं भान सुटणं), किती, हे केबिनमध्ये समोरासमोर बसून ठरवताना आपण शेवटी आपल्या अंदाजावरच विसंबतो. आपला अंदाज म्हणजे बहुतेकदा पणजी-म्हापशाच्या मध्यमवर्गीय माणसाचा अंदाज.

व्हीआरचा, म्हणजे डोक्यावर चढवलेल्या हेडसेटमध्ये दिसणाऱ्या आभासी जगाचा, उपयोग नेमका इथे होतो. हेडसेटमधला प्रसंग आपण बांधलेला असतो. त्यात कोण किती वेळा वळून बघतं, कोण काय बोलतं, याची नोंद आपल्या हातात असते. त्यामुळे माणसाने त्या प्रसंगात स्वतःकडून काय भर घातली, ते वेगळं काढता येतं. लंडनमध्ये मानसशास्त्रज्ञ डॅनियल फ्रीमन यांच्या गटाने २००८ मध्ये २०० सर्वसामान्य लोकांना भुयारी रेल्वेच्या आभासी डब्यात काही मिनिटं फिरवलं. डब्यातले प्रवासी तटस्थ होते, तरी चाळीस टक्क्यांच्या आसपास लोकांच्या मनात निदान एक तरी संशयाचा विचार येऊन गेला. हा आकडा डोक्यात पक्का ठेवा. हेडसेटमध्ये संशय आला म्हणजे आजार, असं समीकरण मांडणाऱ्याने यंत्राला हात लावू नये.

नेदरलँड्समध्ये मानसोपचारतज्ज्ञ विम व्हेलिंग यांनी हाच धागा स्थलांतरापर्यंत नेला. त्यांच्या आभासी कॅफेत गर्दी कमी-जास्त करता येते, भोवतालची माणसं आपल्या वंशाची की परकी हे बदलता येतं, चेहऱ्यांवर नाराजी आणता येते. प्रश्न जुनाच आहे. नॉर्वेतून अमेरिकेतल्या मिनेसोटात गेलेल्यांमध्ये स्किझोफ्रेनियाचं प्रमाण मायदेशी राहिलेल्यांपेक्षा जास्त असल्याचं नॉर्वेचे मानसोपचारतज्ज्ञ ओडेगार्ड यांनी १९३२ मध्येच दाखवलं होतं. २००५ च्या एका एकत्रित विश्लेषणात स्थलांतरितांच्या पहिल्या पिढीत हा धोका सुमारे २.७ पट आणि दुसऱ्या पिढीत ४.५ पट निघाला. पण हे आकडे देश ओलांडणाऱ्यांचे आहेत. बेळगावहून वास्कोला किंवा रांचीहून बेतीला आलेल्या माणसावर ते जसेच्या तसे डकवू नयेत.

आणि एक गोष्ट सुरुवातीलाच : व्हीआर निदान करत नाही. निदान मुलाखतीतून, इतिहासातून आणि वैद्यकीय तपासणीतून होतं, आणि ते मानसोपचारतज्ज्ञ करतात. हेडसेट त्या मुलाखतीला एक समान, दोघांनाही ठाऊक असलेला प्रसंग पुरवतो.

पायरी १ : हेडसेट कुणाला लावायचा नाही

अचानक, काही दिवसांत सुरू झालेला गोंधळ, ताप, भान कमी-जास्त होणं, रात्री वाढणारा भ्रम असेल, तर व्हीआर बाजूला ठेवा आणि माणसाला आधी फिजिशियनकडे पाठवा. बांधकामावरच्या मजुराला ताप असेल तर मलेरियाची तपासणी झाल्याशिवाय पुढे जायचं नाही. मेंदूपर्यंत पोचलेला मलेरिया वेडासारखाच दिसू शकतो. दारूचंही तसंच. गोव्यात ती स्वस्त, आणि एकट्या राहणाऱ्या माणसाचा संध्याकाळचा सोबती तीच. रोज पिणाऱ्याने अचानक थांबवली की दोन-तीन दिवसांत हात थरथरतात, घाम फुटतो, भिंतीवर किडे दिसतात. ही तातडीची अवस्था आहे, त्यात जीव जाऊ शकतो. गांजा आणि इतर नशेविषयी दटावणीचा सूर न लावता विचारा.

फिट येणारे, तीव्र चक्करीचा त्रास असणारे, आत्महत्येचा किंवा कुणाला इजा करण्याचा विचार बोलून दाखवणारे, आणि संमती समजून घेण्याच्या स्थितीत नसणारे यांनाही हेडसेट नको. ‘माझ्या डोक्यात यंत्र बसवलंय’ असं म्हणणाऱ्याच्या डोक्यावर यंत्र चढवायचं का, याचा निर्णय उपचार करणाऱ्या डॉक्टरांवर सोडा. माझं मत विचाराल तर नको.

पायरी २ : भाषा आणि दुभाषी

गोव्यातल्या कामगारवस्तीत कन्नड, लमाणी, हिंदी, ओडिया, सादरी, नेपाळी आणि अर्थातच मराठी ऐकू येते. कुडाळ-सावंतवाडीकडून कामाला आलेल्या मुलाशी आपण मराठीत बोलतो आणि तो ‘आपलाच’ म्हणून सैल होतो. आपणही सैल होतो, आणि नेमके तिथेच प्रश्न विचारायचे राहून जातात. त्याच्यासाठीही तोच क्रम पाळा.

मुकादम, ठेकेदार, खोलीतला सोबती आणि नातेवाईक यांना दुभाषी करू नका. कारण उघड आहे : ज्याची भीती वाटते तोच कदाचित शेजारी बसलेला असेल. दुभाष्याला आधी अर्धा तास द्या आणि तीन गोष्टी स्पष्ट करा. जे बोललं ते ‘मी’ या रूपातच सांगायचं, ‘तो म्हणतोय की’ नको. वाक्य तुटक किंवा विसंगत असेल तर सरळ करून सांगायचं नाही, कारण ती विसंगतीच आपल्याला हवी असते. आणि एखादी समजूत त्या समाजात सर्रास असेल तर ते मुलाखतीनंतर वेगळं सांगायचं.

हा तिसरा मुद्दा महत्त्वाचा. करणी, मूठ, दृष्ट, राखणदार देवचार, घाडी हे गोव्यातल्या आणि तळकोकणातल्या लोकांना परके नाहीत. झारखंडकडच्या माणसाच्या बोलण्यात ओझा (मांत्रिक) आणि डायन (चेटकीण) येतील. समाजात सगळे मानतात ती गोष्ट मानणं म्हणजे भ्रम नव्हे. गावचाच, पण आजारी नसलेला माणूस हे ऐकून काय म्हणेल, हा प्रश्न स्वतःला विचारत राहा. २०१३ मध्ये डीएसएम-५ या अमेरिकी निदानपुस्तिकेसोबत आलेली सांस्कृतिक मुलाखत सोळा प्रश्नांची आहे. त्यातले निदान ‘तुमच्या त्रासाला तुम्ही काय म्हणता’ आणि ‘तुमच्या माणसांच्या मते याचं कारण काय’ हे दोन्ही हेडसेटच्या आधी विचारून घ्या.

पायरी ३ : संमती

संमती घेताना हेडसेट टेबलावर ठेवा. हातात घेऊ द्या, उलटापालटा करू द्या. बाहेरचे कॅमेरे खोलीच्या भिंती ओळखण्यासाठी आहेत, हे आपणहून सांगा. संशयी माणसाला ते आधीच दिसलेले असतात. सोबत आलेल्याला आधी घालून बघू द्या. अंगठ्यापुरती संमती म्हणजे संमती नव्हे, म्हणून त्याच्याच शब्दांत परत सांगायला लावा : आत काय दिसणार, कधी थांबवता येणार, माहिती कुणाला मिळणार. ‘मालकाला आणि पोलिसांना हे कळणार नाही’ हे वाक्य न विचारता म्हणा आणि ते खरं राहील याची व्यवस्था करा. ‘नाही’ म्हटलं तरी उपचार तसेच मिळतील, हेही सांगा.

संशोधनासाठी करत असाल तर संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगी हवी. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ च्या कलम ९९ प्रमाणे मोकळी, समजून दिलेली संमतीही हवी.

पायरी ४ : प्रसंग बांधणं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. परदेशी बनावटीचा तयार कॅफे किंवा मेट्रोचा डबा जसाच्या तसा वापरला तर रायचूरच्या गवंड्याला आधी जागाच अनोळखी वाटेल, आणि मग अनोळखीपणाची धास्ती कोणती आणि संशय कोणता, हे वेगळं करता येणार नाही.

मग गोव्यातला कोणता प्रसंग? खासगी मिनीबस पहिल्यांदा सुचते, पण ती टाळा. तिथला कंडक्टर सगळ्यांवरच खेकसतो, गर्दीत धक्के बसतात, सुट्ट्या पैशांवरून वाद होतात. तो प्रसंग मुळातच तटस्थ नाही. मासळीबाजारही तसाच. माझी पसंती फेरीबोटीला. पणजी-बेती फेरी काही मिनिटांत मांडवी पार करते, म्हणजे प्रसंगाला नैसर्गिक सुरुवात आणि शेवट आहे. चालत येणाऱ्याला तिकीट नाही, त्यामुळे कुणी पैसे मागायला येत नाही. लोक कठड्याला टेकून उभे राहतात, पाण्याकडे बघतात, मध्येच एकमेकांकडे बघतात, अनोळखी माणसाशी बोललंच पाहिजे असं नसतं. मालीमच्या मासेमारी जेटीवर राबणाऱ्याला तर ती रोजची. बोटीवर किंवा पाण्यात अपघात पाहिलेल्या माणसासाठी मात्र दुसरा प्रसंग ठेवा, उदाहरणार्थ कदंबच्या बसस्थानकावरचा बाक.

बांधायचे दोन मार्ग आहेत. एक, तीनशे साठ अंशांच्या कॅमेऱ्याने कलाकार घेऊन चित्रीकरण. ते स्वस्त आणि लवकर होतं, पण नंतर काही बदलता येत नाही. दुसरा, युनिटीसारख्या सॉफ्टवेअरमध्ये संगणकीय पात्रं. वेळ लागतो, पण माणसांची संख्या, पेहराव, नजर आणि भाषा बदलता येते. तपासणीसाठी दुसराच मार्ग धरा. खऱ्या फेरीबोटीत चोरून चित्रीकरण करण्याचा विचारही नको.

पात्रं आठ-दहा पुरे : पाटी घेतलेली मासेवाली, शाळेची मुलगी, चड्डीतला म्हातारा, हेल्मेट हातात धरलेला तरुण, गळ्यात गमछा असलेले दोघे. गणवेश नको, पोलिसाचा नाही की सुरक्षारक्षकाचाही नाही. मोबाइल कुणाच्याही चेहऱ्यासमोर उभा धरलेला नको, फोटो काढतोय असं वाटतं. बघणाऱ्या पात्राने एखाद-दोन सेकंद बघून नजर वळवायची. हसणं एकदाच, तेही दुसऱ्या पात्राशी बोलताना. बोट हलवू नका : डेक स्थिर ठेवून किनारा संथपणे सरकवा. क्षितिज डुललं की पाच मिनिटांत मळमळ सुरू होते, आणि मळमळलेला माणूस घाबरलेल्यासारखाच दिसतो.

आवाजाचं काम जास्त नाजूक. न कळणाऱ्या भाषेत चाललेलं बोलणं आपल्याविषयीच आहे असं कुणालाही वाटू शकतं. म्हणून प्रत्येक वाक्य ठरवून लिहा : ‘आयज बांगडे म्हारग आसात’ इतकं साधं. त्याच संवादांची दुसरी आवृत्ती त्या माणसाच्या भाषेत तयार करा. एक फेरी कोंकणीत, एक त्याच्या भाषेत, बाकी सगळं तेच. काही जणांना आधी ही, काही जणांना आधी ती, म्हणजे क्रमाचा परिणाम एकाच बाजूला पडत नाही. ध्वनिपट्टीवर काय काय आहे, याची सेकंदवार यादी छापून ठेवा. इंजिन, साखळी, शिटी, कावळे, सगळं. यादीत नसलेला आवाज कुणी सांगितला तर तिथे थांबून नीट विचारायचं असतं.

शेवटी, तटस्थ आहे की नाही हे आपण ठरवायचं नाही. त्याच राज्यांतून आलेल्या, आजारी नसलेल्या काही जणांना प्रसंग दाखवा आणि ‘कुणी वाईट वागलं का’ विचारा. अनेकांनी एकाच पात्राकडे बोट दाखवलं, तर खोट त्या पात्रात आहे.

जाता जाता : पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी आबे फारीया यांचा पुतळा आहे. कांदोळीत जन्मलेला, पॅरिसला जाऊन राहिलेला हा गोंयकार संमोहनाविषयी दोनशे वर्षांपूर्वी म्हणत होता की कारण प्रयोग करणाऱ्याच्या शक्तीत नसतं, ज्याच्यावर प्रयोग होतो त्याच्या मनात असतं. व्हीआरवाल्यांनी हे ध्यानात ठेवावं. फक्त, त्या मनाला भोवतालच्या लोकांनी काय काय शिकवलंय, ही पुढची चौकशी आपल्याकडे उरते.

पायरी ५ : आधीचा कागद

हेडसेट चढवण्याआधी एका कागदावर त्या माणसाच्या आयुष्यातले खरे धोके लिहून काढा. राहायला कुठे, खोलीत किती जण, भाडं कुणाच्या नावावर? आधार कार्ड स्वतःकडे आहे की ठेकेदाराकडे? उचल किती बाकी? मारहाण झाली आहे का, पगार बुडाला आहे का, कुणी धमकी दिली आहे का? मग गावी कोण, शेवटचा फोन कधी, झोप किती. हा कागद नसेल तर पायरी ७ मधल्या मोजपट्टीचे गुण बिनकामाचे.

मळमळीची सोळा प्रश्नांची प्रश्नावली आधी एकदा आणि नंतर एकदा भरून घ्या. आधीची नसेल तर डोकेदुखी हेडसेटची की उपाशीपोटी आल्याची, हे कळत नाही.

पायरी ६ : प्रत्यक्ष फेरी

फिरत्या खुर्चीपेक्षा स्थिर खुर्ची बरी. भोवती मोकळी जागा, आणि दार त्याच्या पाठीमागे येणार नाही अशी मांडणी. बुबुळांमधलं अंतर जुळवा. मेटा क्वेस्ट २ या हेडसेटमध्ये त्यासाठी ५८, ६३ आणि ६८ मिलिमीटर अशा तीनच खाचा आहेत. चष्मा असेल तर मधली चौकट लावा. चेहऱ्याला लागणारं सिलिकॉनचं आवरण प्रत्येकामागे पुसायचं, भिंगाला मात्र कोरडा मऊ कपडाच. वायफाय बंद.

सूचना सगळ्यांना एकच, शब्द न बदलता : ‘दादा, तुम्ही फेरीबोटीत आहात. आजूबाजूला बघा. ही माणसं तुम्हाला कशी वाटतात आणि त्यांना तुमच्याविषयी काय वाटत असेल, ते मनात ठेवा. नको वाटलं तर हात वर करा, लगेच काढू.’ ‘घाबरू नका, खरं नाही’ असं मध्ये मध्ये पुटपुटू नका, ते त्याच्या कानात वेगळ्या आवाजासारखं पडेल. फेरी पाच मिनिटांच्या आत संपवा. तुम्ही त्याची मान, खांदे आणि पाय बघत राहा. पाठ वळवतो का, एकाच पात्राकडे पुन्हा पुन्हा वळतो का, कठड्याच्या कोपऱ्याकडे झुकतो का? डोक्याची दिशा यंत्र नोंदवतं. बुबुळांची नजर टिपणारे हेडसेट थोडे आणि महाग, त्यांच्यासाठी अडून बसू नका.

दोन फेऱ्यांमध्ये पाणी, चहा, पाच-दहा मिनिटं. घाम, थरथर किंवा रडू आलं तर दुसरी फेरी नाही.

पायरी ७ : नंतरचं बोलणं

यासाठी फ्रीमन यांच्याच गटाची वीस विधानांची मोजपट्टी वापरतात. दहा विधानं छळाच्या भावनेची, पाच तटस्थ, पाच चांगल्या भावनेची. प्रत्येकाला १ ते ५ गुण, म्हणजे छळाच्या भागाचे गुण १० ते ५० मध्ये पडतात. भाषांतर करायचं तर एकाकडून करून घ्या आणि दुसऱ्याकडून ते उलट मूळ भाषेत करवून ताडून बघा. पण मोजपट्टी दुसऱ्यांदा. आधी मोकळं बोलणं.

समजा, झारखंडहून ट्रॉलरवर कामाला आलेला पंचविशीचा तरुण आहे. बोलणं साधारण असं होतं :

‘कोण लक्षात राहिलं?’
‘तो हेल्मेटवाला.’
‘काय करत होता?’
‘सारखा माझ्याकडे बघत होता.’
‘का बघत असेल?’
‘मी कुठे जातोय ते बघायला. ठेकेदाराला सांगेल.’
‘तो ठेकेदाराला ओळखतो?’
‘असेल. बेतीत सगळे ओळखतात.’
‘दुसरं काही कारण असू शकेल?’
(थांबून) ‘माझ्या पायात चप्पल नव्हती म्हणूनही असेल.’

नोंद बघितली तर हेल्मेटवाला दोनदा वळला, दर वेळी सेकंदभर. म्हणजे ‘सारखा’ ही भर त्याची. आता आधीचा कागद काढा : आधार कार्ड ठेकेदाराकडे, उचल बाकी, आणि महिन्यापूर्वी एक सोबती पळाला तेव्हा खरोखरच त्याची शोधाशोध झाली होती. तेव्हा ‘ठेकेदाराला सांगेल’ हे आभाळातून पडलेलं नाही. आणि शेवटचं वाक्य सगळ्यात मोलाचं : दुसरं कारण असू शकतं हे तो स्वतः सुचवतो. भ्रमात घट्ट अडकलेल्याला हे सहसा जमत नाही. हाच माणूस म्हणाला असता, ‘त्याने हेल्मेट डाव्या हातात धरलं, ती मला मारायची खूण होती’, तर पुढची चौकशी वेगळ्या दिशेने गेली असती.

‘दुसरं काही कारण?’ हा प्रश्न म्हणून कधीच वगळू नका. खात्री किती, हेही विचारा. टक्के कळत नसतील तर रुपयात आणे विचारा, वयस्कर माणसांना ते पटकन जमतं.

पायरी ८ : अर्थ लावणं आणि अहवाल

तीन रकाने आखा. प्रसंगात काय घडलं, माणसाने काय सांगितलं, त्याच्या आयुष्यात त्याला आधार काय. पहिला आणि दुसरा जुळत नाही, आणि तिसरा रिकामा आहे, अशा ओळींवर खूण करा. कामाच्या ओळी त्याच. कोंकणी फेरीत संशय जास्त आणि स्वतःच्या भाषेत कमी असेल तर परकेपणाचा वाटा मोठा असण्याची शक्यता आहे. दोन्हींत सारखाच असेल तर आजाराच्या बाजूने वजन वाढतं. पण एकाच माणसाच्या दोन फेऱ्यांवरून ठाम बोलू नये. थोडी पुस्ती म्हणून जोडावं, इतकंच.

अहवालात ‘व्हीआरमध्ये पॅरानोइया आढळला’ असं लिहिणं हा आळशीपणा आहे. असं लिहा : ‘तटस्थ प्रसंगात एका पात्राच्या नजरेचा अर्थ स्वतःशी जोडला. पर्यायी कारण विचारल्यावर सुचवू शकला. ठेकेदाराविषयीच्या भीतीला वास्तवाचा आधार आहे. ध्वनिपट्टीत नसलेला आवाज सांगितला नाही.’ वाचणाऱ्या डॉक्टरांना यातून खरंच काही मिळतं. पॅन्ससारखी तीस मुद्द्यांची लक्षण-मोजणी मुलाखतीवरून त्यांनी स्वतंत्र करावी, व्हीआरचे गुण त्यात मिसळू नयेत.

तिसऱ्या रकान्यात मारहाण, अडकवून ठेवलेली कागदपत्रं, बुडवलेला पगार निघाला तर ते फाइलीत बंद करून चालणार नाही. त्याच्या संमतीने समाजसेवक किंवा कायदेशीर मदत गाठून द्या. गोळीने आधार कार्ड परत मिळत नाही.

पायरी ९ : पुढे काय

आजाराची शंका पक्की वाटली तर बांबोळीच्या मनोविकार व मानवी वर्तन संस्थेत पाठवा. सिंधुदुर्गातली माणसंही उपचारांसाठी बांबोळीलाच येतात, तेव्हा ‘बाहेरचा आहे, घेतील का’ ही धास्ती बोलून काढून टाका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक चिठ्ठीवर लिहून द्या. तो देशभर चालतो, गावी गेल्यावरही.

अहवालाची एक प्रत हिंदीत, साध्या शब्दांत, त्याच्याच हातात द्या. यंत्रातल्या नोंदी नावाऐवजी क्रमांकाने ठेवा, आणि किती दिवसांनी पुसणार ते संमतीपत्रावरच लिहा.

फेरतपासणीची तारीख ठरवताना कॅलेंडरबरोबर कामाचा हंगामही बघा. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते आणि ट्रॉलरवरची माणसं गावी निघतात. त्यांची दुसरी भेट मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या आत घ्या, आणि गोळ्या सुरू असतील तर दोन महिन्यांची सोय आणि गावाजवळच्या जिल्हा रुग्णालयासाठी चिठ्ठी त्याच दिवशी हातात द्या.